स्टालिनग्राड राखणारी ती आर्मी आज नक्की कुठे आहे?

युक्रेन युद्धाच्या बातम्या जे नेमाने वाचतात त्यांना '८ वी गार्ड्स कम्बाइन्ड आर्म्स आर्मी' हे लांबलचक नाव कधी ना कधी भेटलंच असेल. २०२२ ला मारियुपोलच्या वेळी भेटलं, नंतर दोनेत्स्कच्या बातम्यांत भेटलं. त्यासोबत बऱ्याचदा एक वाक्य चिकटवलेलं असतं, की ही तीच आर्मी आहे जिने स्टालिनग्राड राखलं आणि बर्लिनपर्यंत धडक मारली. आता हे वाक्य खरं की खोटं? आठ दशकं झाली, तो देशच राहिला नाही, त्यातले सैनिक तर कधीच गेले, मग 'तीच' म्हणजे काय? हे नीट समजून घेतलं की रशियन सैन्याबद्दलच्या निम्म्या बातम्यांचा गुंता सुटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी 'आर्मी' म्हणजे काय ते बघू

आपण आर्मी म्हणतो तेव्हा अख्खं भूदल डोळ्यासमोर येतं, पण सोव्हिएत पद्धतीत आर्मी हा फक्त एक आकार आहे, आणि अशा डझनावारी आर्म्या होत्या. साधारण चढण अशी, की बटालियन मिळून रेजिमेंट, रेजिमेंट मिळून डिव्हिजन, डिव्हिजन मिळून कोअर, कोअर मिळून आर्मी आणि आर्म्या मिळून 'फ्रंट'. डिव्हिजन कागदावर दहा-बारा हजारांची असायची, युद्धात बऱ्याचदा त्याच्या निम्मीच माणसं हजर असायची. यातल्या डिव्हिजन आणि त्यावरच्या सगळ्यांना मी सोयीसाठी 'फॉर्मेशन' म्हणेन. 'कम्बाइन्ड आर्म्स' म्हणजे पायदळ, रणगाडे, तोफखाना सगळं एकाच हेडक्वार्टरच्या हाताखाली, बाकी काही गूढ नाही त्यात.

आपल्याकडच्या वाचकाचा गोंधळ कुठे होतो तर आपल्या सैन्यात परंपरा रेजिमेंटला चिकटलेली असते. मराठा लाइट इन्फंट्रीची बटालियन आज काश्मीरमध्ये एका डिव्हिजनखाली असेल, उद्या ईशान्येला दुसऱ्या डिव्हिजनखाली जाईल, पण ती कायम मराठाच, तिचं सेंटर बेळगावात, तिचा इतिहास तिच्याबरोबर फिरतो. सोव्हिएत सैन्यात उलटं होतं. तिथे इतिहास, पदकं, झेंडा हे सगळं मुख्यतः डिव्हिजनच्या आणि आर्मीच्या नंबराला चिकटलेलं असायचं. म्हणून तिथे नंबर बदलणं, नंबर पुसणं, जुना नंबर परत काढणं हे एवढं मोठं प्रकरण असतं.

६२ ची ८ कशी झाली?

१९४२ च्या जुलैमध्ये ७ व्या राखीव आर्मीचं नाव बदलून ६२ वी आर्मी करण्यात आलं आणि तिला थेट स्टालिनग्राडच्या दिशेने लढाईत टाकलं. पहिले दोन महिने वाईट गेले, कमांडर बदलले, डॉन नदीपासून मागे हटत हटत आर्मी शहरात आली. सप्टेंबरमध्ये तेव्हाचे कमांडर लोपातिन यांना शहर राखता येईल असं वाटेना, त्यांना काढलं आणि १२ सप्टेंबरला वासिली चुइकोव्ह यांच्याकडे सूत्रं आली.

तेव्हाची परिस्थिती काय होती ते डोळ्यासमोर आणा. पाठीमागे व्होल्गा नदी, तीही एक किलोमीटरच्या आसपास रुंद, पूल नाही, दारूगोळा, भाकरी, नवी माणसं सगळं रात्री बोटींतून यायचं आणि जखमी त्याच बोटींतून परत जायचे, वर जर्मन विमानं आणि तोफा. १४ सप्टेंबरच्या रात्री रोदिमत्सेव्ह यांची १३ वी गार्ड्स डिव्हिजन अशीच नदी ओलांडून आली, बोटीतून उतरली ती सरळ लढाईतच. चुइकोव्ह यांनी एक गोष्ट बरोबर हेरली, की जर्मनांची खरी ताकद विमान आणि रणगाडा एकत्र चालवण्यात आहे, मग आपण त्यांच्या इतकं जवळ राहायचं की त्यांच्या विमानांना बॉम्ब टाकताना स्वतःचीच माणसं मरतील ही भीती वाटावी. म्हणजे दोन बाजूंमधलं अंतर हातबॉम्ब फेकता येईल एवढंच. मोठ्या तुकड्यांऐवजी छोटे गट, सबमशीनगन, हातबॉम्ब, सोबत एखादी तोफ, एकेक घर आणि एकेक जिना. हे 'स्टॉर्म ग्रुप' पुढे बर्लिनच्या गल्ल्यांतही वापरले गेले.

१४ ऑक्टोबर हा सगळ्यात वाईट दिवस. जर्मनांनी ट्रॅक्टर कारखान्यावर हल्ला केला, ३७ वी गार्ड्स डिव्हिजन तिथे जवळपास संपली, जर्मन नदीपर्यंत पोचले आणि आर्मीचे तुकडे पडले. नंतर ल्युदनिकोव्ह यांची १३८ वी डिव्हिजन बॅरिकाडी कारखान्यामागे नदीकाठच्या एका पट्टीत अडकली, तीन बाजूंनी शत्रू आणि चौथ्या बाजूला बर्फाचे तुकडे वाहणारी नदी. तरी काठ सुटला नाही. १९ नोव्हेंबरला बाहेरून सोव्हिएत वेढा सुरू झाला, ३१ जानेवारी १९४३ ला जर्मन सेनापती पाउलस पकडला गेला, २ फेब्रुवारीला उरलेल्या जर्मनांनी शस्त्रं टाकली. त्यानंतर १९४३ च्या एप्रिलमध्ये ६२ व्या आर्मीला नवं नाव मिळालं, ८ वी गार्ड्स आर्मी.

'गार्ड्स' म्हणजे राजाचे रखवालदार का?

नाही. मूळ कल्पना झारच्या काळातली, पण सोव्हिएत 'गार्ड्स' हा लढाईत कमावलेला किताब होता. सप्टेंबर १९४१ मध्ये स्मोलेन्स्कजवळच्या येल्न्याच्या लढाईनंतर पहिल्या चार डिव्हिजनना तो दिला. तो मिळाला की फॉर्मेशनला नवा नंबर आणि नवा झेंडा, सैनिकाच्या छातीवर बिल्ला, जास्त पगार, आणि नवी हत्यारं-माणसं वाटताना शक्यतो आधी नंबर. थोडक्यात शाबासकी पण आणि 'आता तुम्हालाच सगळ्यात कठीण ठिकाणी पाठवणार' अशी नोटीस पण.

इथे जुना नंबर जातो हे लक्षात ठेवा. उदाहरणार्थ स्नायपर झाइत्सेव्ह ज्या २८४ व्या डिव्हिजनमध्ये होता ती १९४३ ला ७९ वी गार्ड्स झाली. माणसं तीच, नंबर वेगळा. पुढे जाऊन याच्या बरोब्बर उलटं होणार आहे.

व्होल्गा ते बर्लिन

हा भाग पुस्तकांत भरपूर मिळतो म्हणून पटकन सांगतो. १९४३ च्या उन्हाळ्यात दोनबास, ऑक्टोबरमध्ये झापोरिझ्झिया, १९४४ च्या एप्रिलमध्ये ओडेसा. म्हणजे जवळजवळ वर्षभर ही आर्मी युक्रेनच्या जमिनीवर लढत होती. मग तिला उचलून पोलंडकडे नेलं, जुलैमध्ये लुब्लिन, १ ऑगस्टला मग्नुशेव्ह इथे विस्तुला नदी ओलांडली. जानेवारी १९४५ मध्ये तिथून जी सुटली ती लोड्झ, पोझनानचा किल्ला आणि ओडर नदी. १६ एप्रिलला झेलोव्हच्या टेकड्यांवर भयंकर नुकसान झालं. आणि १ मेच्या पहाटे, अजून अंधार होता, जर्मन भूदलाचा चीफ ऑफ जनरल स्टाफ जनरल क्रेब्स पांढरं निशाण घेऊन बर्लिनच्या टेम्पेलहोफ भागातल्या चुइकोव्ह यांच्या ठाण्यावर आला आणि हिटलरने आत्महत्या केल्याचं सांगितलं. स्टालिनग्राडमध्ये नदीकाठच्या खंदकात बसून लढणाऱ्या माणसालाच बर्लिनमध्ये ही बातमी पहिल्यांदा ऐकायला मिळाली, युद्धाच्या इतिहासात असा योग क्वचितच येतो. दुसऱ्या दिवशी शहर शरण आलं.

युद्ध संपलं, पण खरी उलथापालथ इथून पुढे

युद्ध संपताना सोव्हिएत सैन्यदलात सुमारे १ कोटी १३ लाख माणसं होती, १९४८ पर्यंत ती २८-२९ लाखांवर आली. एवढी माणसं घरी पाठवायची म्हणजे शेकडो डिव्हिजन बंद करायच्या. मग कुठली ठेवायची? अर्थातच ज्यांच्याकडे गार्ड्सचा किताब आणि पदकं आहेत त्यांना झुकतं माप. बर्लिनच्या लढाईतली ४७ वी आर्मी गेली, ५ वी शॉक आर्मी गेली, ८ वी गार्ड्स राहिली.

तिला जर्मनीतच ठेवलं, थुरिंगिया प्रांतात. गंमत अशी की हा प्रांत मुळात अमेरिकन सैन्याने घेतला होता, पण आधीच ठरलेल्या हद्दींप्रमाणे जुलै १९४५ मध्ये अमेरिकन मागे गेले आणि सोव्हिएत आत आले. ८ व्या गार्ड्सचं हेडक्वार्टर वायमारजवळच्या नोरा गावात स्थिरावलं आणि पुढची चार दशकं तिथेच होतं.

या काळात आतून सगळं बदललं. १९४५ ला या आर्मीत तीन कोअर आणि प्रत्येकी तीन अशा नऊ रायफल डिव्हिजन होत्या, म्हणजे मुख्यतः पायी चालणारं सैन्य, आणि सामान ओढायला घोडेसुद्धा. १९५७ ला झुकोव्ह संरक्षणमंत्री असताना मोठी पुनर्रचना झाली, रायफल डिव्हिजनच्या 'मोटर रायफल' डिव्हिजन झाल्या, म्हणजे प्रत्येक सैनिक गाडीत, पुढे चिलखती गाडीत. कारण सरळ होतं, अणुबॉम्बच्या काळात एका जागी गर्दी करून चालत जाणारं सैन्य टिकणार नाही, पसरून आणि झपाट्याने हलणारं पाहिजे. कोअरची मधली पायरीही काढून टाकली. शेवटी शेवटी ८ व्या गार्ड्सखाली चारच डिव्हिजन उरल्या, हालेची २७ वी, ओर्डरूफची ३९ वी, नाउमबुर्गची ५७ वी या मोटर रायफल, आणि येना शहरातली ७९ वी टँक डिव्हिजन. नऊच्या चार झाल्या म्हणजे ताकद घटली असं वाटेल, पण आता एकेका डिव्हिजनमध्ये दोनशेहून जास्त रणगाडे होते, जे १९४५ च्या रायफल डिव्हिजनकडे नव्हतेच.

तो ७९ आकडा ओळखीचा वाटला ना? झाइत्सेव्हवाली डिव्हिजन. साठच्या दशकात सोव्हिएत लष्कराने मुद्दाम युद्धकाळातले गाजलेले नंबर पुन्हा द्यायला सुरुवात केली, कारण मधल्या पुनर्रचनांत ते हरवत चालले होते.

यांच्यासमोर कोण होतं? फुल्डा गॅप. डोंगरांमधला सखल पट्टा जो थुरिंगियाकडून थेट फ्रँकफर्टकडे जातो. त्याच्या पलीकडे अमेरिकेची ५ वी कोअर बसलेली. कोल्ड वॉरमधलं तिसरं महायुद्ध पेटलंच असतं तर ८ वी गार्ड्स पहिल्या फळीत असती. ते झालं नाही.

मग ती जर्मनीतून गेली कुठे?

१२ सप्टेंबर १९९० ला जर्मनीच्या एकत्रीकरणाचा करार झाला आणि १९९४ च्या शेवटापर्यंत सोव्हिएत सैन्याने निघायचं ठरलं. साडेतीन लाखांच्या आसपास सैनिक, कुटुंबं धरून पाच लाखांवर माणसं, शिवाय रणगाडे, दारूगोळा, दवाखाने, शाळा. जर्मनीने जे १२ अब्ज मार्क द्यायचं कबूल केलं त्यातले ७.८ अब्ज फक्त घरं बांधायला होते, कारण परत जाऊन राहायचं कुठे हाच सगळ्यात मोठा प्रश्न होता. आणि मध्येच, १९९१ च्या डिसेंबरमध्ये, ज्या देशाचं सैन्य होतं तो देशच संपला.

८ व्या गार्ड्सचं हेडक्वार्टर व्होल्गोग्राडला नेलं, म्हणजे जुन्या स्टालिनग्राडलाच. १९८२ ला वारलेले चुइकोव्ह स्वतः तिथल्याच ममायेव्ह टेकडीवर पुरलेले आहेत. पण तिथे तिची आर्मीची कोअर झाली, ८ वी गार्ड्स कोअर, म्हणजे एक पायरी खाली. १९९४ च्या शेवटी जनरल लेव्ह रोख्लिन यांच्या हाताखाली ती चेचेन्याच्या ग्रोझ्नी शहरात लढली. नववर्षाच्या रात्रीच्या त्या हल्ल्यात मायकोपची १३१ वी ब्रिगेड (ब्रिगेड म्हणजे डिव्हिजनपेक्षा लहान तुकडी) रेल्वे स्टेशनजवळ चिरडली गेली, रोख्लिन यांची माणसं मात्र तग धरून राहिली. नंतर त्यांना 'रशियाचा हिरो' हा सर्वोच्च किताब देऊ केला तर त्यांनी तो नाकारला, आपल्याच देशातल्या युद्धात कसला गौरव, असं त्यांचं म्हणणं होतं. मला या सगळ्या इतिहासात तो नकार फार मोठा वाटतो. १९९८ मध्ये ही कोअर बरखास्त झाली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये रोख्लिन यांचा खून झाला.

म्हणजे १९९८ ला ही आर्मी संपली. विषय इथे बंद व्हायला हवा होता.

मग २०१७ ला काय उगवलं?

२०१७ मध्ये रशियाने युक्रेनच्या सीमेकडच्या रोस्तोव्ह प्रांतात, नोव्होचेरकास्क शहरात नवं हेडक्वार्टर उभं केलं आणि त्याला नाव दिलं ८ वी गार्ड्स कम्बाइन्ड आर्म्स आर्मी. नवी आर्मी, जुनं नाव.

इथे मला एसटीची पाटी आठवते. 'पुणे–सोलापूर' ही पाटी या गाडीवरून काढून त्या गाडीवर लावता येते. गाडी वेगळी, ड्रायव्हर-कंडक्टर वेगळे, डेपोही वेगळा असेल, पण लांबून बघणाऱ्याला वाटतं तीच गाडी आली. फॉर्मेशनचं नाव असंच असतं, ते माणसांपासून सुट्टं करता येतं, गोडाउनमध्ये ठेवता येतं आणि वीस वर्षांनी काढून लावता येतं.

आता नव्या आर्मीच्या आत बघा. तिची सगळ्यात महत्त्वाची डिव्हिजन म्हणजे १५० वी मोटर रायफल, २०१६ ला उभी केलेली, मारियुपोलमध्ये हीच होती. १५० हा नंबर १९४५ ला राइशस्टागवर, म्हणजे बर्लिनमधल्या जर्मन संसदेच्या इमारतीवर, झेंडा लावणाऱ्या डिव्हिजनचा, पण बर्लिनच्या लढाईत ती ८ व्या गार्ड्समध्ये नव्हतीच, ३ ऱ्या शॉक आर्मीत होती आणि युद्धानंतर लवकरच बरखास्त झाली होती. दुसरी, व्होल्गोग्राडची २० वी गार्ड्स, मध्यंतरी ब्रिगेड होऊन परत डिव्हिजन झालेली. तिचं मूळ युद्धकाळातल्या ८ व्या गार्ड्स मेकॅनाइज्ड कोअरमध्ये, जी १ ल्या गार्ड्स टँक आर्मीची होती. म्हणजे स्टालिनग्राडच्या आर्मीचं नाव लावणाऱ्या आर्मीतल्या या दोन्ही मुख्य डिव्हिजनचा वारसा दुसऱ्याच आर्म्यांचा.

नाव तर नाव, त्याने काय बिघडतं?

काही जण म्हणतील सगळेच देश असं करतात. खरंय, बरखास्त झालेली नावं परत काढणं ही जगभरातली पद्धत आहे, आणि जवानाला आपण कुणाच्या जागी उभे आहोत हे कळलं तर त्याचा उपयोगही होतो. त्यात गैर काही नाही.

पण वाचक म्हणून आपली दोन ठिकाणी फसगत होते. एक म्हणजे नावावरून ताकद मोजणं. 'गार्ड्स' दिसलं की निवडक, कसलेलं सैन्य असं वाटतं, पण आज हा किताब बहुतेक वेळा वारसाहक्काने आलेला असतो, तुकडीची भरती आणि ट्रेनिंग कसं आहे ते त्यावरून कळत नाही. शिवाय आकारही बदलत राहतो. २००८-०९ च्या सुधारणांमध्ये रशियाने बहुतेक डिव्हिजन मोडून ब्रिगेड केल्या, आणि २०२२ च्या शेवटी तेव्हाचे संरक्षणमंत्री शोइगू यांनी ब्रिगेडच्या पुन्हा डिव्हिजन करायची घोषणा केली. म्हणजे बातमीत 'नवी डिव्हिजन' दिसली तर ती नवी माणसं आहेत की जुनीच ब्रिगेड नव्या नावाने आहे हे आधी बघावं लागतं.

दुसरी फसगत जास्त गंभीर. स्टालिनग्राडचा वारसा एकट्या रशियाचा आहे असं हे नाव गुपचूप सांगतं.

मग वारसा कुणाचा?

पावलोव्हच्या घराचं उदाहरण घ्या, स्टालिनग्राडमधली ती प्रसिद्ध चार मजली इमारत जी मूठभर सैनिकांनी जवळपास दोन महिने राखली. त्या मुठीत रशियन होते, युक्रेनी होते, कझाक, उझबेक, जॉर्जियन, तातार होते. वर म्हटलेल्या २८४ व्या डिव्हिजनचे कमांडर निकोलाय बात्युक हे युक्रेनमधल्या ओख्तिर्का गावचे. ममायेव्ह टेकडीच्या लढाईत त्यांची डिव्हिजन होती. जुलै १९४३ मध्ये दोनबासमध्ये, स्लोव्हियान्स्कच्या जवळ ते मारले गेले, आणि आज ममायेव्ह टेकडीवरच त्यांचीही कबर आहे. त्यांच्या त्या ओख्तिर्कावर फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये रशियन सैन्याने बॉम्बफेक केली. स्लोव्हियान्स्कवर तर वर्षानुवर्षं मारा चालू आहे.

शिवाय १९४३-४४ मध्ये लाल सेना युक्रेनमधून पुढे सरकत होती तेव्हा मोकळ्या झालेल्या गावांतून तिथल्याच तरुणांची भरती होत होती, डिव्हिजनमधली रिकामी जागा त्यांनी भरली. १९९१ नंतर युक्रेनच्या हद्दीत असलेल्या सोव्हिएत डिव्हिजन युक्रेनकडे गेल्या आणि कित्येक वर्षं तिथेही 'गार्ड्स' हे नाव चालू होतं. रशियाशी संघर्ष सुरू झाल्यावर, २०१५-१६ मध्ये, युक्रेनने आपल्या तुकड्यांवरून सोव्हिएत पदकं आणि तो किताब काढून टाकला. तो त्यांचा निर्णय, आणि समजण्यासारखाही आहे, पण त्यामुळे झालं असं की मैदानात ते नाव लावणारी एकच बाजू उरली.

आता शेवटचा धागा. १९४३ पासून बर्लिनपर्यंत ८ व्या गार्ड्समध्ये खरोखर लढलेली, पुढे हालेमध्ये राहिलेली २७ वी डिव्हिजन कुठे गेली? ती जर्मनीतून ओरेनबुर्ग प्रांतातल्या तोत्स्कोयेला गेली, २००९ च्या सुधारणांत तिची २१ वी ब्रिगेड झाली, आणि अलीकडच्या फेररचनेत परत २७ वी डिव्हिजन. नोव्होचेरकास्कच्या आर्मीशी तिचा संबंध नाही, ती दुसऱ्याच आर्मीखाली येते. तीही युक्रेनमध्ये लढते आहे, आणि युद्धकाळापासून तिच्या पूर्ण नावात 'ओम्स्क-नोव्होबुग' असा किताब आहे. ओम्स्क हे सायबेरियातलं शहर, आणि नोव्ही बुह हे युक्रेनच्या मिकोलाइव्ह प्रांतातलं, जे मार्च १९४४ मध्ये जर्मनांकडून सोडवल्याबद्दल त्यातलं 'नोव्होबुग' मिळालं होतं.